सायलेन्सरच्या कानात

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या जुन्या गाडीच्या मागे माणसांची रांग लागली होती. ज्याची पाळी येई तो खाली वाके, धूर सोडणाऱ्या सायलेन्सरच्या नळीशी तोंड नेई आणि काहीतरी पुटपुटे. कोणी डोळे पुसत होतं, कोणी खोकत होतं. पार्लरवाली गुडघे टेकून बसली होती, ती उठायचं नाव घेईना. मागचे ओरडत होते, "अहो ताई, आटपा. आम्हालाही पापं आहेत."

खोकला आला की पाप बाहेर पडलं, असं महाराजांनी सांगून ठेवलं होतं. काळ्या धुरात तोंड घातल्यावर खोकला येणार नाही तर काय गाणं येणार? पण हे बोलायची सोय नव्हती.

महाराज आत, चालकाच्या जागेवर. काचा वर, मांडीवर निळी शाल, दोन्ही हात शालीखाली. रांग संपली तशी त्यांनी गाडी बंद केली. मग किल्ली अर्धी फिरवली. समोरच्या पट्टीवरचे सगळे दिवे एकदम लागले.

"ग्रह जागे झाले," बाहेरून कोणीतरी कुजबुजलं.

महाराजांनी डोळे मिटले. ओठ हलले, खांदे हलले, शाल जराशी हलली. मग त्यांनी पूर्ण किल्ली फिरवली. इंजिन खाकरत सुरू झालं, एकेक दिवा गेला आणि शेवटी, कित्येक दिवस ढिम्म न हललेला तो पिवळा दिवाही गेला.

सगळ्या गल्लीनं एकदम श्वास सोडला. माझा मुलगा भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे वळला. "आई, बाबा शांत झाले गं."

ही गाडी ह्यांची. ह्यांनी ती कोणाकडून तरी जुनी घेतली, वापरून आणखी जुनी केली आणि आमच्या गळ्यात घालून गेले. ह्यांच्या मागे मुलानं सीटचं कव्हरसुद्धा धुवू दिलं नाही. बापाशी शेवटचं बोलणं राहून गेलं, ही त्याची खंत. मला ती कळते, म्हणून त्या कव्हराच्या वासाबद्दल मी आजवर गप्प राहिले. गाडी चालवायची मात्र सून. ती गावाबाहेरच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रात पाणी तपासते. तिकडे बस जात नाही. गाडी आहे म्हणून नोकरी आहे, असं सरळ गणित.

तर या गाडीत इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा लागला आणि विझेचना. गाडी चढावर उचक्या द्यायला लागली, पेट्रोल प्यायला लागली, मागून काळा धूर सोडायला लागली. सून म्हणाली, मेकॅनिकला दाखवू. मुलगा म्हणाला, बाबांच्या गाडीला परक्याचा पाना लागायचा नाही. त्यानं काय केलं, तर दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. वर मलाच विचारतो, "आता दिसतो का?"

मी म्हटलं, "तू डोळे मीट, मग रस्ताही दिसणार नाही."

अशात महाराज उगवले. लोक त्यांना दीपशांतस्वामी म्हणत. मी विझवणे महाराज म्हणते. अंगात निळा डगला, आवाज तुपात तळलेला. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चिकटपट्टी सोलून पिवळ्या दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा थोरल्या मालकांचा डोळा आहे. त्यांना या घरातलं खोटं सहन होत नाही."

इथे मला हसू आलं ते मी पदरात दाबलं. ह्यांना खोटं सहन होत नव्हतं? ज्या माणसानं जन्मभर "दाराशीच पोचलोय" असं बाजारातून फोनवर सांगितलं? जिवंतपणी समोरचा चष्मा दिसायचा नाही, आणि गेल्यावर एका पिवळ्या डोळ्यानं सगळ्या घराचं खोटं दिसायला लागलं?

महाराज पुढे म्हणाले, "इंजिन म्हणजे अहंकार. गिअर म्हणजे इच्छा. आणि न्यूट्रल, मुला, न्यूट्रल हाच मोक्ष."

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेक म्हणजे घरातली स्त्री."

"म्हणजे तिच्याशिवाय भिंतीवर आपटाल," मी म्हटलं. मुलानं माझा हात दाबला.

नियम ठरला तो असा. दिवा महाराज विझवतील. पण घरात कोणी खोटं बोललं की तो पुन्हा लागेल. जुन्या गाड्या गल्लीत पुष्कळ, आणि पिवळे दिवेही पुष्कळ. बघता बघता सगळ्यांचे दिवे महाराजांनी विझवले आणि सगळी गल्ली खरं बोलायला लागली.

तुम्ही म्हणाल, वाईट काय झालं? तुम्ही राहून बघा अशा गल्लीत. बेकरीवाला पाव देताना सांगायला लागला, "कालचा आहे, काठावर जरा परवाचा." पार्लरवाली गिऱ्हाइकाचा चेहरा हातात धरून म्हणे, "याला माझ्याकडे इलाज नाही." कोपऱ्यावरच्या काकांनी बायकोच्या गाण्याबद्दल इतक्या वर्षांनी मत दिलं आणि तेव्हापासून ते जिन्याखाली झोपतात. माझा मुलगा विमा विकतो. त्यानं एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "तुम्ही मेल्यावर मिळतील हो, पण तोवर फार कागद लागतील." विमा विकणाऱ्यानं असं खरं बोलायचं म्हणजे मासळीनं कोरड्या जमिनीवर संसार थाटायचा.

मला काही फरक पडला नाही. मी आयुष्यभर तोंडावरच बोलत आले. उलट लोक म्हणायला लागले, काकूंचं तेज वाढलं.

पण आमचा दिवा आठवड्याच्या आत परत लागला. महाराजांनी विझवला. परत लागला. तिसऱ्या खेपेला महाराजांनी दिवा विझवला, पण मुलाचा चेहरा पडलेला पाहून गाडीच्या बॉनेटवर कान ठेवला आणि सुनेकडे बोट दाखवलं.

"ही काहीतरी लपवते आहे."

सुनेनं खाली पाहिलं. गल्ली "हं" म्हणाली. तो "हं" मी अजून विसरलेले नाही.

"रविवारी मी येईन," महाराज म्हणाले. "तोवर दिवा पुन्हा लागला, तर थोरले मालक या घरात राहणार नाहीत. गाडी आमच्या वाहन-विश्रामधामात द्यावी लागेल. आणि या बाईच्या हाती पुन्हा कुठल्याच वाहनाची किल्ली द्यायची नाही."

मुलानं मान हलवली. ह्यांच्या गाडीची किल्ली सुनेच्या पर्समधून काढून ती त्यानं देवघरात ठेवायची तेवढी बाकी होती.

"मग मी केंद्रात कशी जाऊ?" सुनेनं रात्री जेवताना त्याला विचारलं.

"खरं बोललीस तर जाशील," तो म्हणाला. आणि पानावरून उठला.

आता एक सांगते. माझं आणि सुनेचं फार गुळपीठ आहे अशातला भाग नाही. तिची भाजी अळणी, तिचं उत्तर तिखट. मी तिला येता-जाता बोलते. पण मी बोलते, तो माझा मान आहे. रस्त्यावरचा निळा डगला येऊन माझ्या सुनेला खोटारडी म्हणणार आणि माझाच मुलगा मान हलवणार? माझ्या घरात शिव्या द्यायच्या त्या मी देईन.

तरी मनात आलं, ती खाली का पाहत होती?

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यामागे मला एक खोकं सापडलं. मी उघडलं. आत एक लोखंडी वस्तू. पुढे बोटभर लांब भोकाभोकांचं तोंड, मध्ये नट, मागे वायरीचं शेपूट. जणू लोखंडाचा उंदीर. शेजारी नट खोलायचे दोन पाने, त्यातल्या एकाला बाजूला खाच, आणि एक छोटं चौकोनी यंत्र, त्याला एक बटण आणि इवलासा काचेचा पडदा.

सून दारात उभी होती.

"हेच लपवलंय का?" मी विचारलं.

"हेच, आई."

"हा काय उंदीर आहे?"

"ऑक्सिजन सेन्सर. गाडीचं नाक म्हणा." ती खाली बसली. "इंजिनातून जो धूर निघतो त्यात हवा किती उरली, ते हे हुंगतं आणि इंजिनाला कळवतं. मग इंजिन त्या मापानं पेट्रोल टाकतं. नाक बिघडलं की इंजिन अंदाजानं टाकत बसतं. जास्तच टाकतं. म्हणून काळा धूर, म्हणून उचक्या. दिवा तेवढंच सांगतो की नाक बिघडलंय. मी वाचलं, लोकांनी घरी बदललेलं पाहिलं, जमेल असं वाटलं. पण ह्यांनी गाडीला पाना लावायचा नाही म्हटलंय ना. म्हणून लपवलं."

मी चौथीच्या पलीकडे शाळा पाहिली नाही, पण चुलीपुढे आणि स्टोव्हपुढे जन्म काढलाय. स्टोव्हला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडं काळी होतात. मी खाली गेले, सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट. तसंच वर येऊन तिच्यापुढे धरलं.

"अगं, हा तर हवा न मिळालेला स्टोव्ह," मी म्हटलं. "ह्यांचा आत्मा असता तर निदान तंबाखूचा वास आला असता. आणि हे चौकोनी काय?"

"ते दिवा विझवायचं. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात लावायचं आणि बटण दाबायचं. गाडीच्या आठवणीतला बिघाड पुसला जातो, दिवा जातो."

"आणि बिघाड?"

"तो तसाच राहतो. चार-दोनदा गाडी हिंडली, की गाडीला तो पुन्हा दिसतो."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिनं माझ्या. निळी शाल आमच्या दोघींच्या डोळ्यांपुढे एकाच वेळी हलली असावी.

"आई, पण हे सिद्ध कसं करायचं? केंद्रात आम्ही पाणी स्वच्छ आहे म्हणून कोणी सांगितलं तर मानत नाही. बाटलीत घेऊन बघतो."

"मग बघू," मी म्हटलं. "दिवा विझलेलाच आहे. गाडी काढ. आज मी खोटं बोलणार."

गाडी दारातच चालू केली. मी शेजारच्या सीटवर बसले, पदर सावरला, घसा साफ केला.

"सूनबाई," मी म्हटलं, "तुझ्या हाताला काय चव आहे गं."

तिनं दिव्याकडे पाहिलं. दिवा गप्प.

"तुझी कालची वांगी खाऊन मला माझ्या आईची आठवण आली."

दिवा गप्प. सुनेचा ओठ थरथरला.

"तुझ्या आईसारखी विहीण नशीब लागतं मिळायला. फोनवर तासभर बोलल्या तरी कंटाळा म्हणून येत नाही. हे माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. बेकरीवाल्याची मुलगी चालते कशी, हरिणीसारखी. मला गुडघेदुखी नाही. मला राग येत नाही."

तेवढं बोलल्यावर खरं तर गाडीनं पेट घ्यायला हवा होता. दिवा ढिम्म.

"आता एक शब्द बोलायचा नाही," मी म्हटलं. "मीही नाही, तूही नाही. चल."

केंद्रापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. तोंडातून ब्र काढला नाही. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा मौनाचा पल्ला तो पहिलाच. वाटेत एका मोकळ्या जागेत बऱ्याच गाड्या उभ्या दिसल्या. कडेच्या गाडीवर पाटी होती, 'प्रामाणिक कुटुंबातली गाडी, विकणे आहे.' ती पार्लरवालीची गाडी. तिनं ती महाराजांच्या विश्रामधामात भक्तिभावानं सोडली होती. पाटीखाली खुर्ची टाकून एक माणूस बसला होता, आणि त्याच्या शेजारी, महाराजांसाठी रविवारी दार उघडतो तोच त्यांचा मेहुणा चहा पीत होता. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. प्रयोग म्हणजे प्रयोग.

परतीच्या चढावर गाडीनं उचकी दिली, आणि कोणी एक अक्षर बोललेलं नसताना पिवळा दिवा लागला.

"खोटं बोलले तेव्हा विझलेला," मी शेवटी तोंड उघडलं, "आणि तोंड शिवलं तेव्हा पेटला. म्हणजे ह्याला माझ्या जिभेशी कर्तव्य नाही. जन्मात मला असं कोणी दुर्लक्षिलं नव्हतं."

सून म्हणाली, "आई, मी बटणानं विझवून टाकते. ह्यांना कळणारही नाही, आणि रविवारही टळेल."

"काळी भांडी पालथी ठेवली म्हणजे घासली गेली का?" मी म्हटलं. "लागू दे. रविवारी सगळ्यांसमोर घासायची."

रविवारी सकाळी मी लवकर उठले. सायलेन्सरमधली काजळी बोटावर घेतली आणि स्टिअरिंगखालच्या त्या खाचेभोवती चारी बाजूंनी नीट माखली. डोळ्यांत काजळसुद्धा मी इतक्या निगुतीनं कधी घातलं नव्हतं.

महाराज आले. गल्ली आली. दिवा लागलेला पाहून महाराजांनी मोठा उसासा टाकला. "मी शेवटचा एकदा शांत करतो. मग गाडी घेऊन जातो." मुलानं किल्ली त्यांच्या हातात दिली. बाप दुसऱ्यांदा चाललाय अशा चेहऱ्यानं तो उभा होता.

तेच सगळं झालं. शाल, ग्रह, ओठ, खांदे. पिवळा दिवा गेला. महाराज बाहेर आले आणि हात वर केले.

दोन्ही हातांची बोटं काळी.

"हे काय, महाराज?" मी विचारलं. "हात तर शालीखाली जोडलेले होते. काजळी कुठली?"

मला वाटलं, आता सापडला. महाराजांनी हातांकडे पाहिलं, क्षणभर गांगरले, आणि मग दोन्ही पंजे गल्लीला दाखवत म्हणाले, "या घराचं पाप. मी माझ्या हातांवर घेतलं."

गल्लीला हुंदका फुटला. पार्लरवालीनं त्यांचा हात धरला आणि ती काजळी स्वतःच्या कपाळाला लावली. बेकरीवाल्यानं थोडी कागदात मागितली. अशा वेळी माणसानं आपलं डोकं कुठे आपटावं ते कळत नाही, कारण भिंतीपर्यंत जायलाही गर्दीतून वाट नसते.

सून पुढे झाली. तिनं बॉनेट उघडलं, नाकाच्या वायरीचा जोड सुटा केला, आत जाऊन गाडी चालू केली. लोक काजळी पुसतात न पुसतात तोच पिवळा दिवा लागला.

"पाहा," महाराज गरजले, "हिचा हात लागला आणि दिवा पेटला. मी काय सांगत होतो?"

गल्लीनं पुन्हा तोच "हं" केला. मुलगा सुनेकडे पाहायला लागला, आणि त्या पाहण्यात संशय होता. सुनेचा चेहरा उतरला. माझा मात्र आता संयम सुटला.

"जोड परत लाव गं," मी म्हटलं. तिनं लावला, गाडी पुन्हा चालू केली. दिवा तसाच. एकदा पेटला की लगेच विझत नाही तो, मनात धरून बसतो. एवढा एक गुण त्याचा माझ्यासारखा.

"ती पेटवते ना? मग मी विझवते. सरका."

मी चालकाच्या सीटवर बसले. गाडी बंद केली. माझी तपकिरी शाल मांडीवर पसरली, हात आत घातले, अर्धी किल्ली फिरवली. ग्रह जागे झाले. मी डोळे मिटले आणि महाराजांच्या सुरात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "दोन चादरी. चार उशांचे अभ्रे. मुलाचा पांढरा शर्ट, कॉलरला साबण जास्त. पायपुसणं वेगळं भिजवा, वेगळं भिजवा, वेगळंच भिजवा."

शालीखाली बटण दाबलं आणि पूर्ण किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पिवळा दिवा गेला.

कोणी हलेना. मग कोपऱ्यावरच्या काकांनी माझ्यासमोर हात जोडले. "काकू, तुमच्यातही आहे ते. आमच्या घरी कधी याल?"

"माझ्यात काही नाही हो," मी म्हटलं आणि शाल उचलली. चौकोनी यंत्र खाचेत लटकत होतं. "हे दुकानात मिळतं. मंत्र लाँड्रीचा होता. आणि ही बघा खाच, हिच्याभोवती सकाळी काजळी लावली ती मी. महाराजांनी हात जोडले होते, मग बोटं इथे कशी आली? शाल झटका जरा त्यांची."

बेकरीवाला उंच आणि पीठ मळून हात दणकट. त्यानं भक्तिभावानंच शाल उचलली आणि झटकली. टप्पकन तसलंच एक यंत्र रस्त्यावर पडलं.

महाराज एवढ्यानं हरणारे नव्हते. "यंत्र हे निमित्त आहे," ते म्हणाले. "शक्ती माझी."

"उत्तम," मी म्हटलं. सुनेनं पुन्हा जोड काढला, दिवा लागू दिला, जोड लावला. "निमित्त माझ्या पदरात राहू द्या. शक्ती तुमच्याकडे आहेच. बसा."

ते बसले. बसायलाच लागलं. शाल नव्हती, तर हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. किल्ली फिरवली, ओठ हलवले, गाडी चालू केली. दिवा होता तिथेच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा दिवा. पाचव्या-सहाव्या वेळी गाडीलाही लाज वाटून तिनं उचकी दिली.

"या गर्दीत," महाराज कपाळ पुसत म्हणाले, आणि कपाळ काळं झालं, "कोणीतरी खोटं बोलत आहे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना सवयच लागली होती. मग पार्लरवाली हळूच म्हणाली, "महाराज, इथे तुमच्याशिवाय कोणी बोलतच नाहीये."

मी तिला विश्रामधामाची पाटी सांगितली. तिनं ती दोनदा ऐकून घेतली आणि मग जे काही बोलायला सुरुवात केली, ते सायलेन्सरच्या कानात सांगण्यासारखंही नव्हतं. महाराज मेहुण्याच्या गाडीकडे लगबगीनं निघाले. दार उघडलं तेव्हा मला आतली पट्टी दिसली. पिवळ्या दिव्याच्या जागी काळी चिकटपट्टी लावलेली होती.

मुलगा मात्र तिथेच उभा राहिला. "आई," तो म्हणाला, "मग मी त्या नळीत बाबांशी जे बोललो, ते?"

जिभेवर टोमणा आला होता, तो मी गिळला. "ते मी वरच्या खिडकीतून ऐकलं," मी म्हटलं. "बापाला नाही, पण आईला पोचलं. आता तो पाना घे. तुझ्या बायकोच्या एकटीच्या जोरानं जुनं नाक निघायचं नाही."

आणि खरंच निघेना. सुनेनं नाकावरचा पत्रा काढला, गंज सुटायचं तेल मारलं, गाडी थोडी तापवून बंद केली. गरम असताना हात भाजतो, पार गार झाला की नट हट्टाला पेटतो, कोमट असताना ऐकतो, असं ती म्हणाली. नवऱ्यांचंही तसंच, असं मी म्हटलं. पान्याच्या खाचेतून वायर बाहेर ठेवून तिनं तो नटावर बसवला. जोर लावला. हूं नाही, चूं नाही.

"बाबांच्या गाडीला पाना..." मुलगा पुटपुटला.

"बाबा असते तर," मी म्हटलं, "'कालच बदलला मी' असं सांगून झोपले असते. लाव हात."

त्यानं दोन्ही हात लावले, सुनेचे हात आधीच होते. दोघांनी अंगाचा भार टाकला. नट किंचाळला, असा किंचाळला की बेकरीवाला दोन पावलं मागे सरला. "सुटला," तो म्हणाला, "आत्मा सुटला."

"गंज सुटला," सून म्हणाली.

जुनं नाक बाहेर आलं, टोक काजळीनं भरलेलं. ते हातोहात फिरलं. कोणीतरी विचारलंच, हे आम्हाला ठेवायला मिळेल का. मी ते परत घेऊन कचऱ्यात टाकलं. सुनेनं नवीन नाक टोकाला बोट न लावता हातानं फिरवत आट्यांवर बसवलं, मग पान्यानं घट्ट केलं, जोड लावला, आठवण पुसली. गाडी चालू केली. सायलेन्सरमधून निघाला तो धूर नव्हता, नुसती ऊब.

आता दिवा लागत नाही. गल्ली पूर्वपदावर आली. कोपऱ्यावरचे काका जिन्याखालून वर आले, बायकोचं गाणं त्यांना पुन्हा आवडायला लागलं. बेकरीवाला कालचा पाव पुन्हा आजचा म्हणून देतो. त्यासाठी महाराज नकोत हो, पाव नाकाशी धरा. गाडीला बिचारीला एक नाक, तेही विकत आणावं लागतं. तुम्हाला जन्मतः मिळालंय, ते वापरा. दिवा लागला तर तो का लागला ते विचारा. विझवून देणारा भेटला, तर त्याची शाल आधी उचलून बघा. आणि कोणी घरातल्या बाईकडे बोट दाखवलं तर त्या बोटाला काय लागलंय तेही बघा.

परवा सून मला गाडीतून घेऊन चालली होती. चढ आला, गाडी लोण्यासारखी गेली. मी सहज म्हटलं, "बरं जमतं हो तुला. हुशार आहेस."

तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "आई, हे खरं की प्रयोग?"

मी समोरच्या पट्टीकडे पाहिलं. तिथे काहीच लागलेलं नव्हतं.

"त्याला विचारून काय उपयोग," मी म्हटलं. "मला विचार."

"मग सांगा ना."

"खरं," मी म्हटलं. "पण वांगी अळणीच होती."